दिवा लागण्याआधी मोडलेलं मौन

मी कौसल्याबाईंचा मोबाइल बोलतोय. काच तडकलेली, कव्हर पिवळं पडलेलं. तरी दसऱ्याला हळदकुंकू मलाही लागतं. आज मात्र मी रागात आहे आणि बोलल्याशिवाय माझं अंग थंड व्हायचं नाही.

नेरच्या दुकानातून बाईंनी मला आणलं ते लेकीच्या, खुशीच्या शाळेसाठीच. इंग्रजी शाळा, पालकांचा ग्रुप, आणि नियम असा की ग्रुपवर लिहायचं ते इंग्रजीतच. बाई बिचाऱ्या फक्त हात जोडलेलं चित्र पाठवायच्या.

गेल्या साली खुशीला टायफॉइड झाला, तेव्हा त्या महादेवाला बोलल्या होत्या: पोर बरी होऊ दे, श्रावणातल्या दर सोमवारी दिवा लागेपर्यंत मौन धरीन. पोर बरी झाली. त्या दिवशी घर खुणांवर चालतं आणि जे काही सांगायचं ते बाई माझ्यावर लिहितात.

अशाच एका सोमवारी दुपारी गाव आणि फाट्यामधल्या नाल्याला पूर आला. शाळेची व्हॅन खुशीला फाट्यावर सोडून निघून जाते आणि पोर एकटीच नाला ओलांडून येते. त्या दिवशी तिला अडवणार कोण? घरधनी यवतमाळला. ड्रायव्हरचा नंबर एकट्या वर्गाच्या मॅडमकडे, आणि मॅडम ग्रुपवर.

बाईंनी लिहिलं, "मॅडम, नाला फुल वॉटर. माय खुशी नॉट ड्रॉप फाटा." मी शब्दांखाली लाल रेघा ओढल्या, मला तेवढंच शिकवलंय. बाईंनी खोडलं, पुन्हा लिहिलं, शेवटी तसंच पाठवलं.

पहिलं उत्तर बबनरावांचं. कापसाचे व्यापारी, पोरगा खुशीच्याच वर्गात. हसरे चेहरे आणि खाली, "वयनी, इंग्रजी बी पुरात वाहून गेली काय?" हे मराठीत बरं का! टोमण्याला नियम नसतो. मग एकानं स्पेलिंग सुधारलं, दुसऱ्यानं त्या सुधारण्यात चूक काढली. मॅडम म्हणाल्या, "प्लीज सेंड करेक्ट सेंटेन्स."

वाक्य सगळ्यांनी तपासलं हो! पूर कोणी वाचला नाही. माझा असा संताप झाला की वाटलं, आत्ताच फुटावं.

व्हॅन सुटायची वेळ झाली. बाईंनी देवघराकडे एकदा पाहिलं आणि माझ्यावरचं माइकचं चिन्ह दाबलं.

"ओ बबनराव, हसून झालं असन तं आयका! नाल्याले पूर हाये. माह्या पोरीले फाट्यावर सोडू नका. मॅडम, डायवरले फोन लावा, आत्ता लावा! याले इंग्रजी कायले पायजे?"

मग फाट्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या नंदाबाई बोलल्या. त्यांची नात त्याच शाळेत आहे. "कौसल्ये, घाबरू नको वं. मी हाओ ना फाट्यावर. पोरगी आज माह्यापाशी राहीन."

मॅडमनी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं.

संध्याकाळी दिवा लागला आणि नंदाबाईंच्या फोनवरून खुशी बोलली, "आई, तू दुपारीच बोलली म्हन्ते! महादेव रागावन ना?"

"त्याले सांगतलं म्या. पोरीसाठी धरलं होतं, पोरीसाठीच मोडलं. येत्या सोमवारी पुन्हा धरतो."

महादेव रागावला नसेल. मी आहे, अजून. त्याच ग्रुपवर रोज सकाळी चुकलेल्या स्पेलिंगचे गुड मॉर्निंग येतात, बबनरावांचेही. त्यांना कोणी हसत नाही. म्हणून बाईंचं ते हात जोडलेलं चित्र मीच तुम्हाला पाठवतो. कोणाचं मोडकंतोडकं वाक्य आलं, तर आधी विचारा, काय झालं बाई? रेघा ओढायला मी आहेच.