वाया गेलेली निवड

मित्रांनो, मी तुतीच्या लाकडाची हॉकी स्टिक आहे. वय विचाराल तर छत्तीस वर्षे. माझ्या अंगावर सोनेरी रंग दिसतो ना, तो मी कधी मागितला नव्हता. तो मला कसा लागला आणि त्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत काय घडले, ते सांगते. आजही ते आठवले की माझ्या वेताच्या मुठीला शहारा येतो.

जालंधरच्या एका कारखान्यात वाफ देऊन मला वाकवले. वाफ अंगात शिरली तेव्हा वाटले, आता मी मोडणार. पण मी वळले. पुढे पुण्यात, खडकीच्या एका दुकानात, हरीश नावाच्या तरुणाने मला हातात घेतले, जमिनीवर दोनदा आपटले, कान देऊन आवाज ऐकला आणि घरी नेले. बँकेत नोकरी लागून तो सिंगापूरला आला, तेव्हा मी बॅगेत मावेना. त्याने मला चादरीत गुंडाळून आणले. इथल्या मैदानांवर आम्ही दोघे अकरा वर्षे खेळलो. तो फुलबॅक होता. समोरून कितीही जोरात बॉल आला तरी तो मला आडवी टाकायचा आणि बॉल जागीच थांबायचा. लोक म्हणायचे, "हरीशच्या पुढून बॉल जात नाही." त्या कौतुकात माझाही वाटा आहे असे मी मानत असे.

मग फायबरच्या हलक्या स्टिक आल्या आणि हरीशचे गुडघेही दुखू लागले. बिशान भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, इथल्या घरांत असते तशी बॉम्ब शेल्टरची जी छोटी खोली आहे, तिथे तांदळाच्या पिशव्यांमागे मी उभी राहिले. किती वर्षे, ते मोजले नाही.

एके दिवशी विक्रांत घरी आला. हा बँकेतलाच, हरीशपेक्षा बराच लहान, बोलका आणि उत्साही. त्याने इथल्या मराठी लोकांची चार संघांची हॉकी स्पर्धा सुरू केली होती. स्पर्धेआधी चार कप्तान एका टेबलाशी बसत आणि पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडत. त्याला ते ड्राफ्ट म्हणत. पहिल्या फेरीत ज्याचे नाव येई त्याची कॉलर ताठ, आणि जो शेवटी उरे त्याची थट्टा. स्पर्धा संपली की तीन परीक्षक बसून ठरवत, की साऱ्या ड्राफ्टमधली सर्वांत चांगली निवड कोणती आणि सर्वांत वाईट कोणती.

"काका, तुमची जुनी स्टिक द्या ना. बक्षीस करू तिचं," विक्रांत म्हणाला.

हरीशकाकांनी आनंदाने दिली. मीही हरखले. आपल्याला कुणीतरी उत्तम खेळाडू घरी नेणार, असेच मला वाटले. दुकानात मला सोनेरी रंग दिला, फळीवर स्क्रूने आवळले आणि खाली पितळेची पट्टी लावली. पट्टीवरची अक्षरे विक्रांतने मोठ्याने वाचली तेव्हा मी हबकले. तिथे लिहिले होते, 'वाया गेलेली निवड'. चांगल्या निवडीला चांदीचा कप होता. मी वाईटाचे बक्षीस होते.

"गंमत आहे हो काका, सगळे हसतात," विक्रांत म्हणाला. दोन वर्षे दोन जणांनी मला हसत घेतले आणि वर्षभर घरात तोंड भिंतीकडे करून ठेवले.

तिसऱ्या वर्षी विक्रांतने पहिल्याच फेरीत भार्गवीला निवडले. भार्गवी इथल्या विद्यापीठात संशोधन करते. पुण्याला असताना ती विद्यापीठाच्या संघातून खेळायची, आणि तिच्यासारखी फॉरवर्ड आपल्याकडे नाही असे सगळेच म्हणत. पहिल्या सामन्यात कुणाचे तरी कोपर तिच्या डाव्या डोळ्यापाशी लागले. रक्त आले नाही. ती उठली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खेळ पुढे सुरू झाला. त्यानंतर मात्र तिचा खेळ उतरतच गेला.

निकाल ठरवायला तिन्ही परीक्षक हरीशकाकांच्या घरी जमले. शैलेंद्र, नीता आणि स्वतः काका. स्पर्धेसाठी परत आणलेली मी बाजूच्या कपाटावर होते.

"चांगली निवड इरा," नीता म्हणाली. "शेवटच्या फेरीत उरलेली सतरा वर्षांची पोरगी, आणि सात गोल."

"आणि वाईट?" शैलेंद्रने विचारले. "मला तरी एकच नाव दिसतं. पहिली निवड, दहा सामने, एक गोल."

"तिच्या डावीकडून बॉल जातो आणि ती मानसुद्धा वळवत नाही," काका म्हणाले. "खेळायची इच्छाच नसल्यासारखी."

कागदावर कारण लिहायचे होते. काकांनी पेन घेतले आणि एकच शब्द लिहिला, 'आळस'. खरे सांगते मित्रांनो, मलाही तो शब्द बरोबर वाटला.

रविवारी दुपारी बेडोकच्या एका हॉलमध्ये सगळे जेवायला जमले. आधी इराला कप मिळाला. मग विक्रांतने मला उचलले, माइकवर तो कागद वाचून दाखवला आणि भार्गवीचे नाव घेतले. लोक हसले. तीही हसत पुढे आली. विक्रांत तिच्या डाव्या बाजूला उभा होता. त्याने मला तिच्या डावीकडूनच पुढे केले.

तिने हात पुढे केला. तो माझ्यापासून वीतभर लांबून गेला. तिने हवेतच मूठ मिटली, पुन्हा उघडली, आणि दुसऱ्यांदा हात आणताना तिचे मनगट माझ्यावर आदळले. मी खाली पडले आणि फळीला चीर गेली.

"बघा, शेवटपर्यंत बॉल सोडला," मागून कुणीतरी म्हणाले आणि हॉल हसण्याने भरून गेला.

पण मला तिचे मनगट लागले होते. ते बर्फासारखे गार होते. इतकी वर्षे माणसांच्या हातात काढल्यावर घाबरलेला हात मला कळतो.

हरीशकाका खुर्चीवरून उठले. ते तिच्यासमोर आले आणि आपला उजवा हात तिच्या डाव्या खांद्याच्या बाहेर धरला.

"भार्गवी, माझ्या नाकाकडे बघ. मान वळवू नकोस. किती बोटं आहेत?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "काका, बोटं कुठे आहेत?"

विक्रांतच्या हातातला माइक चालूच होता. सगळ्यांनी ते ऐकले होते.

"अंकल, शी रिअली कान्ट सी," इरा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "हॉस्पिटल नाऊ, लाह." तिने कप खुर्चीवर टाकला, घाईत मला का कोण जाणे काखेत मारले आणि टॅक्सी बोलावायला धावली. म्हणून टॅक्सीतले बोलणे मला ऐकायला मिळाले.

"कधीपासून दिसत नाही?" काकांनी विचारले.

"पहिल्या मॅचनंतर कोपऱ्यात सावली यायला लागली. आधी वाटलं, स्क्रीनसमोर बसून असेल. आता ती निम्म्यापर्यंत आलीये."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू काका? पहिल्या फेरीत घेतलेली मी. दोन मॅचनंतरच लोक विचारायला लागले, विक्रांतने हिला का घेतलं म्हणून. त्यात डोळ्याचं सांगितलं असतं तर म्हणाले असते, बहाणे करते."

काकांनी ड्रायव्हरला आणखी घाई करायला सांगितले.

दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर त्या डोळ्याची मुख्य नजर गेली असती, असे डॉक्टर म्हणाले. हरीशकाकांनी मला परत घरी आणले होते; तिथे त्यांनी हे आपल्या पत्नीला, विमलकाकूंना सांगितले. मधली नजर वाचली होती. डावीकडचा कोपरा मात्र अंधारलेलाच राहणार होता.

विक्रांत रोज डबा घेऊन तिच्याकडे जात होता. स्पर्धेच्या ग्रुपवर त्याने एवढेच लिहिले, की यापुढे वाईट निवड ठरवली जाणार नाही, आणि चूक माझी होती.

दोन महिन्यांनी भार्गवी काकांकडे जेवायला आली. आमटीची वाटी घेताना तिने मान थोडी डावीकडे वळवली. आता तिला तसेच बघावे लागते. जेवण झाल्यावर काका म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. त्या कागदावर आळस लिहिलं होतं, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे काका. मी पुढे येत होते तेव्हा विक्रांतच्या हातातल्या कागदावर तुमचं अक्षर दिसलं होतं. समोरचं दिसत होतं मला."

काकांनी मान खाली घातली. "तरी माझ्याबरोबर टॅक्सीत बसलीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून बसले," ती म्हणाली. "उशिरा विचारलंत. पण दहा सामन्यांत, तीस-चाळीस माणसांत, दुसऱ्या कुणी विचारलंच नाही."

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला विचारता येत नाही, तुम्हाला येते. चांगला खेळणारा कुणी अचानक चुकू लागला, तर त्याच्या नावापुढे शब्द लिहिण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तुला काही होतंय का?" आणि तो "काही नाही" म्हणाला, तर थोडे थांबून पुन्हा एकदा विचारा.