हरिदास येईपर्यंत

सुहासिनीनं दिल्लीत मुनिरकाच्या पुलाअलीकडे, सर्व्हिस रोड डावीकडे फुटतो तिथं, गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि ठरवलं, आता इथून हलायचं नाही.

इंद्रजितनं तिला नुकतंच बोट दाखवलं होतं. सोळा दिवस तो हेच करत आला होता. बारा मोटारसायकलींची रांग किन्नौर-स्पितीच्या डोंगरांवर चढली, उतरून जैसलमेरच्या वाळूत गेली आणि परत दिल्लीत आली, ती याच एका रिवाजावर. सगळ्यांत पुढे टूरचा मालक इंद्रजित. रस्ता फुटला की तो डाव्या हाताचं बोट कोपऱ्याकडे करायचा आणि त्याच्या लगेच मागे जो असेल त्यानं तिथं थांबून वळण धरायचं. बाकीच्यांनी त्याला बघून वळायचं. सगळ्यांत शेवटी टूरचा मेकॅनिक हरिदास, मागे पान्यांची पेटी बांधलेला. त्याला ही मंडळी स्वीप म्हणत. हरिदास आला की वळण सुटलं. पहिल्या दिवशी इंद्रजितनं हे हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं आणि खास सुहासिनीसाठी त्याच्या दिल्लीत वाढलेल्या मराठीतही सांगितलं, "काकू, स्वीप येईपर्यंत कोपरा सोडायचा नाही. भूकंप आला तरी बिल्कुल नाही."

तिला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. दिल्लीतल्याच हिंदूरावच्या टेकडीवरच्या इस्पितळात तिनं एकतीस वर्षं एक्स-रे काढले होते. "श्वास रोखा, हलू नका" असं जन्मभर दुसऱ्यांना सांगणाऱ्या बाईला उभं राहण्याची काय भीती?

म्हणून ती जैसलमेरच्या पुढे एका फाट्यावर उभी राहिली होती. पाच दिवसांपूर्वी, दुपारी साडेबाराला. सात गाड्या गेल्या. मग कोणीच नाही. सावली म्हणावी तर एका दगडाची, तीही कोंबडीला पुरेल एवढी. फोनला रेंज नाही. पाण्याच्या दोन बाटल्या. टँकरवाला थांबला, बैठ जाओ माताजी म्हणाला, तर हिनं त्यालाच नियम समजावला. तो बिचारा हात जोडून गेला. तीन तास दहा मिनिटं. शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा हरिदासच धावत आला, आणि आधी तिच्या डोक्यावर पाणी ओतून मग त्यानं बाटली तिच्या हातात दिली. जेवणाच्या थांब्यावर दोघांना उलट्या होत होत्या, म्हणून इंद्रजितनंच त्याला त्या दोघांबरोबर दुसऱ्या रस्त्यानं थेट मुक्कामाच्या तंबूवर पाठवलं होतं. आणि मग सवयीनं, मागे स्वीप नाही हे विसरून, सुहासिनीला बोट दाखवलं होतं.

चूक माणसाकडून होते. सुहासिनी ती पोटात घालणारच होती. पण तंबूवर पोचेपर्यंत इंद्रजितनं टूरच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं, ‘सुहासिनीजी रास्ता भटक गई थीं, अब सेफ हैं,’ आणि पुढे जोडलेले हात. त्या ग्रुपवर बाराही जणांच्या घरची माणसं होती. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून तिच्या नवऱ्यानं, सुधाकरनं, वाचलं. मुलीनं, देवयानीनं, वाचलं आणि रात्री फोन केला, आई, झाली हौस, आता पुरे. सुधाकर फोनवर आला आणि त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, गाडीला त्याच्या ऑफिसातलंच एक गिऱ्हाईक आहे, शनिवारी बघायला बोलावतो.

ही गाडी तिनं एकोणपन्नासाव्या वर्षी घेतली होती. फोनवर व्हिडिओ बघत, रविवारी सकाळी कॉलनी उठायच्या आत पार्किंगमध्ये पडत-झडत ती स्वतःची स्वतः शिकली होती. तेव्हा खिडकीतून बघणारे आता म्हणणार होते, बघा, आम्ही म्हणतच होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं इंद्रजितला गाठून सांगितलं, मी हरवले नव्हते, ग्रुपवर खरं काय ते लिही. तो हसला. "काकू, छोडो ना. खरं लिहिलं तर कंपनीचं नाव खराब होतं. तुमचं काय जातं?"

तुमचं काय जातं. हे तीन शब्द पाच दिवस तिच्या हेल्मेटमध्ये घुमत होते. बिकानेरला घुमले, शेखावाटीत घुमले, टोलनाक्यावर तर इतके घुमले की तिनं उगाच हॉर्न वाजवला.

आणि आज मानेसरला चहाच्या थांब्यावर तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सामानाच्या व्हॅनचा क्लच जायला आला होता. इंद्रजित हरिदासला म्हणाला, तू व्हॅनबरोबर सरळ धौलाकुआँवरून करोलबागला जा, आम्ही पोचतो. आणि तासाभरानं, समारोपाचं लॉन दोन किलोमीटरवर आलेलं असताना, त्याच इंद्रजितनं त्याच सवयीनं तिला बोट दाखवलं. ती ओरडून सांगू शकली असती. तिनं तोंड उघडलं नाही.

मागच्या नऊही गाड्या तिला बघून वळल्या. शेवटच्यानं जाता जाता अंगठा दाखवला. ती उभी राहिली.

वीस मिनिटांनी इंद्रजितचा फोन आला. सगळे आलेत, हार आलेत, फोटोवाला आलाय, तुम्ही कुठे? "तू उभं केलंस तिथं," सुहासिनी म्हणाली. "हरिदास आला की येते." तिकडे हशा झाला. तिनं फोन ठेवला. पुन्हा आला, तेव्हा तिनं तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं. वाहतूक पोलीस आला, मैडम गाड़ी हटाइए म्हणाला. तिनं त्याला दुपारच्या उन्हातलं वळण पहिल्यापासून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, मिशी चोळली आणि तिची गाडी हात देऊन दोन फूट आत, रेलिंगला लागून सरकवून दिली. "अब खड़े रहिए," म्हणाला.

पाऊण तासानं इंद्रजित आला. बरोबर चार-पाच गाड्या, आणि मागून रिक्षातून उतरलेला सुधाकर, हातात झेंडूचा हार. देवयानीला तो लॉनवरच बसवून आला होता.

"काकू, ये क्या मजाक है यार," इंद्रजित म्हणाला. "हरिदास नाही येणार. तो करोलबागला गेला."

"कोणी पाठवलं?"

"मीच. मानेसरला."

"आणि मला इथं कोणी उभं केलं?"

मागच्या गाड्यांवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. बंगळूरहून आलेले एक डॉक्टर तर इंजिन बंद करून खाली उतरले.

"जैसलमेरला असंच झालं होतं," सुहासिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. एक्स-रेच्या खोलीत काचेमागून बोलायची तसा तो होता. "मी हरवले नव्हते. तू मला ठेवून विसरलास. लिही."

"अच्छा, लिहितो. चलो, तिकडे जाऊन—"

"इथं."

त्यानं खिशातून फोन काढला, टाइप केलं. सुधाकरचा फोन वाजला. त्यानं चष्मा वर करून वाचलं आणि फोन तिच्यापुढे धरला. ‘उस दिन हरिदास से थोड़ी गलती हो गई थी.’

सुहासिनीनं ते दोनदा वाचलं. हरिदास, ज्यानं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं. ज्यानं त्या रात्री तंबूबाहेर बसून, नोकरीच्या भीतीनं दारही न वाजवता, तिची साखळी साफ करून ठेवली होती.

"पूस," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यावर नाही. तुझ्या."

डॉक्टरही म्हणाले की त्यांना त्या दिवशी तंबूवर हरिदास आधीच पोचलेला दिसला होता, तेव्हाच विचारायला हवं होतं. मग इंद्रजितनं मान खाली घालून परत लिहिलं. बराच वेळ लिहिलं. सुधाकरनं या वेळी मोठ्यानं वाचलं, की स्वीपला मीच दुसरीकडे पाठवलं होतं, सुहासिनीजींना मीच उभं केलं आणि विसरलो, त्या रस्ता चुकल्या नव्हत्या. जोडलेले हात नव्हते.

"आता चला, काकू," इंद्रजित म्हणाला. काकू या शब्दातलं हसू गेलं होतं.

"हरिदासला बोलाव."

आणि हरिदास आला. करोलबागहून दिल्लीच्या संध्याकाळच्या गर्दीतून यायला त्याला तास लागला. तोवर सगळे तिथंच, पोलिसासकट. तो वळणावरून गेला आणि त्यानं रोजच्यासारखा एक हात वर केला. सुहासिनीनं हेल्मेट घातलं.

सुधाकर हार घेऊन पुढे आला. म्हणाला, शनिवारी कोणी येणार नाही, त्या माणसाला नको म्हणून कळवतो. तिला वाटलं होतं हे ऐकून राग उतरेल. उलट तो आता कुठे खऱ्या जागी येऊन बसला. इंद्रजित कोण? सोळा दिवसांचा मालक.

"तुम्ही मला एकदा विचारायचं होतं," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांत मी कधी रस्ता चुकले? सासूबाईंना इस्पितळात नेताना, देवयानीला परीक्षेला सोडताना? तो लिहितो, आणि तुम्ही गिऱ्हाईक शोधता."

हाराची दोन-चार फुलं सुधाकरच्या बुटांवर पडली. मागे बसू का, असं त्यानं नजरेनंच विचारलं.

"रिक्षानं या," सुहासिनी म्हणाली आणि निघाली.

आरशात तो दिसत राहिला. हार धरून, रेलिंगपाशी, ती उभी होती त्याच जागेवर; जणू त्यालाही कोणी बोट दाखवलं होतं. राग जराही कमी झाला नव्हता. पण पुढचा फाटा आला तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. या गल्ल्यांत रिक्षावाला हमखास चुकतो. मागून येणाऱ्याला वळण दिसायला हवं.