हात न लावण्याची परीक्षा

सासरी आल्यापासून तिला सगळे झटपटवहिनी म्हणत. नाव धाकट्या दिराने ठेवलं होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत वहिनीचं काम संपलेलं असायचं. लग्नाआधीपासून ती एका लहानशा इस्पितळात नर्स होती. तिथे एका नर्सच्या वाट्याला तीस-बत्तीस रुग्ण यायचे, त्यामुळे हाताला जी गती आली ती काही केल्या उतरली नाही. चादर बदलायची, तोंड पुसायचं, गोळी द्यायची आणि पाण्याचा घोट त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत पुढची खाट गाठायची. डॉक्टरसुद्धा तिच्या वाटेतून बाजूला होत.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी सासूबाईंसकट बिऱ्हाड परदेशात आलं. वहिनीच्या अठरा वर्षांच्या अनुभवाला तिथल्या कचेरीने एका ओळीत निकालात काढलं: इथे काम करायचं असेल तर इथला प्रॅक्टिकल नर्सचा, म्हणजे सहायक परिचारिकेचा, कोर्स करा आणि इथलं प्रमाणपत्र घ्या. मग काय, शेचाळिसाव्या वर्षी वहिनी पाठीला पिशवी लावून विशीतल्या पोरींशेजारी बाकावर जाऊन बसली. दीड वर्ष घासून तिथली भाषा शिकली, लेखी परीक्षा पास झाली. राहता राहिली वृद्धाश्रमातली प्रात्यक्षिक परीक्षा. हा तर आपल्या हातचा मळ, असं तिने घरी सांगूनही टाकलं.

एका आजींना सकाळी उठवून, आवरून, नाश्त्याला तयार करायचं होतं. वेळ होता पंचेचाळीस मिनिटं. वहिनीने अकरा मिनिटांत आजींचं तोंड धुतलं, केस विंचरले, कपडे घातले, मोजे-बूट चढवले, पलंग आवरला आणि हातासरशी खिडकीची काचही पुसली. मग पदर खोचलेला नसतानाही खोचल्यासारखी उभी राहून ती शाबासकीची वाट पाहू लागली.

परीक्षक मॅडम उंच, सडसडीत आणि कोरड्या होत्या. त्यांनी पाटीला लावलेल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "फार छान. नापास."

वहिनीला वाटलं, आपली भाषा अजून कच्ची आहे. "नापास म्हणजे... पास नाही?"

"पास नाही. मला सांगा, या अकरा मिनिटांत आजींनी काय काय केलं?"

"काही नाही!" वहिनी अभिमानाने म्हणाली. "मी त्यांना काही करूच दिलं नाही."

"तेच मी लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी मग नियम पुन्हा समजावला. माणूस पडत असेल तर धरायचं, मागेल ती वस्तू द्यायची, धीर द्यायचा. पण जे त्याला स्वतःला जमतं, ते कितीही वेळ लागला तरी त्यालाच करू द्यायचं. तीन आठवड्यांनी परीक्षा पुन्हा होती. त्यात नापास झालं की दीड वर्षाचा कोर्स पुन्हा पहिल्या पानापासून. एकोणपन्नाशीपर्यंत बाकावर बसायची कल्पना करून वहिनीने तो नियम वहीत दोनदा उतरवून घेतला. वृद्धाश्रमाने तिच्यासाठी नोकरी राखून ठेवली होती, पण ती काही दीड वर्ष थांबणार नव्हती.

घरी येऊन तिने जाहीर केलं, "आजपासून तीन आठवडे मी कुणाचं काहीही करणार नाही. अभ्यास आहे."

नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "काहीही न करणं हा अभ्यास असेल तर मी केव्हाच पदवीधर झालोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पदवीधराचं पितळ उघडं पडलं. आतून हाक आली, "अगं, माझे मोजे कुठे आहेत?"

वहिनीचे पाय कपाटाकडे निघालेच होते. तिने त्यांना आवरलं आणि पुस्तकात दिलेलं वाक्य म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, ते कुठे असतील?"

"मला वाटतं, तू सांगशील."

"छान. आणि मी नाही सांगितलं, तर तुमचं पहिलं पाऊल काय असेल?"

"आईकडे तक्रार करीन."

ती त्याने केलीही, पण काही उपयोग झाला नाही. दोन हात, दोन पाय शाबूत असलेला हा गृहस्थ त्या दिवशी एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी मोजा घालून कामावर गेला. शर्टाला इस्त्री करायचा प्रयत्न त्याने फक्त एकदा केला. त्यानंतर आठवडाभर तो कोट काढेनासा झाला.

सासूबाई हे सगळं खुर्चीतून बघत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे धरलेले, उजवा खांदा आखडलेला. सहा वर्षं त्यांची वेणी वहिनी घालत आली होती, दोन मिनिटांत, दुसऱ्या हाताने गॅस बारीक करत.

"आणि माझी वेणी?" त्यांनी विचारलं.

वहिनीने कंगवा त्यांच्या हातात दिला, समोर बसली आणि स्वतःचे दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले. सासूबाईंचा खांदा वर जाईना. त्या थांबल्या, विचारात पडल्या. वहिनीचे हात नुसते शिवशिवत होते. मग सासूबाईंनी सगळे केस पुढे छातीवर ओढून घेतले आणि मान कलती करून खालूनच पेड घालायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागली. वेणी जरा वाकडीच झाली, पण त्यांनी आरशात दोनदा पाहिली आणि दिवसभर पुढेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला. चौथ्या दिवशी ताट घेऊन भाजी निवडायला बसल्या. आठवड्याच्या शेवटी लेकाला म्हणाल्या, "मोजे तिसऱ्या खणात असतात रे, बाळा. मीच घड्या घातल्यात काल."

वहिनीला राहवेना. "आई, तुम्हाला हे सगळं येत होतं, तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कधी बोलणार? मी तोंड उघडेपर्यंत तुझं झालेलं असायचं," सासूबाई म्हणाल्या. "मग मीही सोडून दिलं. म्हटलं, हिला हौस आहे, करू दे."

रागाने बोलल्या असत्या तर वहिनीने चार शब्द परत दिले असते. पण त्या भाजीच्या काड्या मोडत अगदी सहज बोलल्या, आणि तेच तिला लागलं. सहा वर्षं आपण सासूची सेवा करतो, असं ती चारचौघांत सांगत होती. खरं म्हणजे तिने त्यांच्या हातातून एकेक काम काढून घेतलं होतं आणि वर कौतुकही पदरात पाडून घेतलं होतं. तिला मनापासून वाईट वाटलं. परीक्षेची भीती होतीच, पण त्या दिवसापासून ती अभ्यास निव्वळ परीक्षेसाठी करेनाशी झाली.

दुसऱ्या परीक्षेला तिच्या वाट्याला एक आजोबा आले. मूळचे शिंपी. चाळीस वर्षं जगाचे सदरे शिवलेले. वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं होतं. त्यातून ते सावरले, काठी घेऊन चालू लागले, पण उजव्या हाताची बोटं अजून म्हणावी तशी ऐकत नव्हती. आणि आज त्यांनी घालायला काढला होता सहा बटणांचा सदरा.

मॅडम पाटी घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. आजोबांनी तोंड धुतलं, दाढी पुसली, पायजमा चढवला. वहिनीने खुर्ची धरली, टॉवेल दिला, बाकी बोटही लावलं नाही. इथवर वीस मिनिटं झाली आणि बटणं सुरू झाली.

"ही काजं शिंप्याने केलेली नाहीत," आजोबा पहिल्याच बटणाशी झटत म्हणाले. "सुताराने केलीत."

"पुढे काय करू या, आजोबा?" वहिनीने पुस्तकातलं वाक्य टाकलं.

"पुढे गप्प बसू या."

वहिनी गप्प बसली. एक बटण लागायला तीन मिनिटं लागत होती. तिने ओठ चावले, पायाची बोटं आवळली, मनातल्या मनात पाढे म्हटले. एकोणिसाचा पाढा तिला लहानपणी कधी आला नव्हता, तो त्या दिवशी आला. चाळिसाव्या मिनिटाला आजोबांनी हात खाली घेतले आणि विचारलं, "झालं ना गं, पोरी?"

झालं नव्हतं. सगळी बटणं एकेक घर चुकली होती. वर एक काज रिकामं आणि खाली एक बटण बेवारशी लोंबत होतं. हो म्हणावं तर खोटं, नीट करावं तर नापास. वहिनीने समोर बोट दाखवलं. "आरसा समोर आहे, आजोबा. शिंपी तुम्ही की मी?"

आजोबांनी आरशात पाहिलं. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो पुस्तकात कुठेच नव्हता. मग त्यांनी सगळी बटणं काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नाश्त्याची घंटा झाली तेव्हा तीन बटणं लागली होती. दिलेली वेळ संपली होती. वहिनीला वाटलं, गेलं दीड वर्ष. पण आजोबांच्या कपाळावरचा घाम पाहून तिने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. चौथं लागलं, पाचवं लागलं. सहावं बटण काजाच्या तोंडापर्यंत यायचं आणि निसटायचं. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्यांदा निसटलं तसा कोपऱ्यातून एक लांबसडक हात पुढे आला आणि बटणाकडे निघाला.

वहिनीने तो मनगटातच धरला. "राहू द्या. त्यांचं चाललंय."

मग तिने हात कुणाचा ते पाहिलं. मॅडमही आपल्या हाताकडे अशा बघत होत्या, की हा इथवर आला कसा. दोघी लाल झाल्या. वहिनीने मनगट सोडलं आणि आता परीक्षाही गेली आणि आपण कोर्समधूनही बाहेर, असं धरून चालली.

"तुम्हा दोघींचं झालं असेल," आजोबा म्हणाले, "तर उजेडातून बाजूला व्हा."

दोघी निमूटपणे भिंतीला टेकल्या. आजोबांनी श्वास रोखला, अंगठा दाबला आणि बटण आत गेलं.

ते कॉलर नीट करू लागले तेव्हा मॅडमनी कागदावर सही केली आणि तो वहिनीपुढे धरला. वहिनीने एकच शब्द शोधला आणि तो सापडला: पास. तरी तिच्याने राहवेना. "पण मॅडम, वेळ? तेरा मिनिटं जास्त झाली."

"वेळ आजोबांना लागला," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. "तुम्ही तर काहीच केलं नाहीत."

आजोबांनी काठी उचलली आणि ते दोघींच्या मधून दाराकडे निघाले. त्यांनी वळून पाहिलं नाही, आभार मानणं तर दूरच. मानायचे तरी कुणाचे? आपले कपडे त्यांनी आपल्या हाताने घातले होते. अठरा वर्षांत कुठलाही रुग्ण वहिनीला इतका साफ विसरून गेला नव्हता. ती कागद छातीशी धरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, आणि तिला इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही राहून गेलं.