भिंगरीची खुर्ची

मामांकडे सुट्टीला जाऊन भिंगरीच्या पदरात पडण्यासारखं होतं ते एवढंच: चार दिवस कुणाची कटकट नाही, मामीच्या हातचं आयतं जेवण आणि एक खुर्ची. पहिल्या दोन गोष्टी तोंडी लावायला. निघाली होती ती खुर्चीसाठी.

केस अर्धे पांढरे झाले तरी त्या घरात तिला भिंगरीच म्हणत. लहानपणी ती एका जागी टिकत नसे. टिकायची ती फक्त त्या खुर्चीत.

मामा खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, आणि मध्ये एक दार, जे कधी लागल्याचं कुणाला आठवत नाही. काथ्याची कुसळं थेट अंथरुणात यायची. त्या घराचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेली खुर्ची गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी घरच्या जेवणाच्या टेबलाला लागायची. "बसल्याशिवाय खुर्ची कळत नाही," असं मामा म्हणायचे. त्यामुळे घराला स्वतःची म्हणून खुर्ची नव्हतीच. आज न्हाव्याच्या खुर्चीत बसून जेवायचं, उद्या हेडमास्तरांच्या. मामी म्हणायची, "अख्खं गाव आमच्या बुडाखालून गेलंय."

या येण्याजाण्यात एकच खुर्ची कायमची होती. ठेंगणी, हिरव्या मखमलीची, हात गोल वळलेले. भिंगरी सुट्टीला आली की ती टेबलाशी हजर. ही तुझी, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तुझी नाही, असंही म्हटलं नव्हतं, आणि पोरांच्या कायद्यात तेवढा पुरावा पुरतो.

यंदा मामीचा फोन आला. मामांचा हात थरथरायला लागला होता, सुई कापडाऐवजी अंगठ्यात जायची. "दुकान आवरलंय. सुट्टीला येऊन जा," मामी म्हणाली. भिंगरीने हिशेब केला: आवरलंय म्हणजे सामान वाटतायत. निघण्याआधी तिने घरातल्या खिडकीजवळची फुलझाडाची कुंडी हलवून जागासुद्धा करून ठेवली.

गाव पश्चिमेला. दुपारभर बस उन्हाच्या तोंडात चालत राहिली आणि ती उतरली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक काचेवर मावळतीचं ऊन होतं. सगळं तसंच होतं. फक्त मामांच्या टेबलाभोवती बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एकसारख्या, मुक्या. मामा त्यातल्या एकीत परक्याच्या घरी आल्यासारखे बसले होते.

"मामा, माझी खुर्ची कुठंय?"

मामांनी घास चावायला बराच वेळ घेतला. "कुठली?"

"हिरवी. ठेंगणी."

"ती होय. गेली ती."

"गेली म्हणजे?"

"जिथली तिथं गेली."

"सांगून टाका की आता," मामी म्हणाली. "किती वर्षं झाकून ठेवणार?"

"तू वाढ तिला," मामा म्हणाले आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

सकाळी मामीने भिंगरीच्या हातात पिशवी दिली. "औषधवाल्या काकूंकडून माझ्या गोळ्या आण. आणि जरा डोळे उघडे ठेवून आण."

औषधांच्या दुकानात काउंटरमागे काकू बसल्या होत्या. हिरव्या खुर्चीत. भिंगरी गोळ्या विसरली.

"काकू, ही मामांनी तुम्हाला कधी विकली?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "विकली? अगं, ही माझ्या सासूबाईंची. लग्न होऊन आले तेव्हापासून याच जागी आहे. उन्हाळा सोडून."

"उन्हाळा सोडून?"

"शाळांना सुट्टी लागली की तुझा मामा यायचा. म्हणायचा, वहिनी, स्प्रिंग ढिली झालीय, नेतो. मी म्हणायची, ने बाबा." काकूंनी गादीवर थाप मारली. "आता हिच्यात स्प्रिंग आहे कुठे? नुसता काथ्या. त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक."

"मग देत कशाला होतात?"

"पहिल्या वर्षी खरंच शिवायला दिली होती. आणायला गेले तर तू हिच्यात पाय वर घेऊन बसलेली. गावभर भिरभिरणारी पोर, आणि अगदी मांजरासारखी. म्हटलं, जाऊ दे, आपण बसू स्टुलावर. गुडघे मात्र त्या स्टुलानेच खाल्ले हो माझे." मग सहज विचारावं तसं त्या म्हणाल्या, "तुला हवी का? ने. स्टूल आहेच."

स्टूल कोपऱ्यात होतं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, भिंगरीनेही पाहिलं. खिडकीजवळची मोकळी केलेली जागा तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग तिला खुर्चीच्या पुढच्या कडेची उसवलेली शिवण दिसली. तिथून काथ्या बाहेर डोकावत होता. मामांनी दुकान आवरल्यावर शिवणार कोण?

"काकू," ती म्हणाली, "हिची स्प्रिंग ढिली झालीय. नेऊ का, मी जाईपर्यंत?"

काकू हसल्या नाहीत. "ने. पण आठवणीने आण. गुडघे आता पूर्वीचे नाहीत."

मामा न्यायचे तशी खुर्ची डोक्यावर पालथी घालून भिंगरी गल्लीतून निघाली. मामा पायरीवर बसले होते.

"हे काय गं?"

"स्प्रिंग ढिली झालीय म्हणे."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या मामीकडे. मामीला नेमकं तेव्हाच चुलीवरचं काहीतरी आठवलं. मामांनी अंगठा गादीत रुतवला, सोडला, पुन्हा रुतवला.

"हं," ते म्हणाले. "बघावी लागेल."

बांधून ठेवलेली हत्यारं निघाली. वाकडी सुई भिंगरीने धरली, जागा मामांनी दाखवली.

"ओढ. एवढी नाही. शिवतेयस की गळा आवळतेयस?"

शिवण अखेर वाकडीच आली.

"वहिनी ओळखतील," मामा म्हणाले.

"ओळखू देत की."

रात्री एक प्लास्टिकची खुर्ची बाजूला सरकली आणि हिरवी टेबलाला लागली. भिंगरी बसली नाही. "तुम्ही बसा मामा. बसल्याशिवाय खुर्ची कळत नाही."

"मी कशाला?" म्हणत मामा बसले. हात गोल वळणांवर टेकले तेव्हा थरथर जरा कमी दिसली. "बरी आहे की," ते म्हणाले. इतक्या वर्षांत या एकाच खुर्चीत ते कधी बसले नव्हते. ती रिकामी कधी असायची?

निघायच्या दिवशी भिंगरीने खुर्ची परत नेऊन काउंटरमागे ठेवली. काकूंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि मामीच्या गोळ्या पिशवीत घातल्या. त्या आणायच्या राहूनच गेल्या होत्या.

बसमध्ये भिंगरीने हिशेब लावला. काकूंनी गुडघे दिले होते. मामांनी दर उन्हाळ्याला एक खोटं आणि एक नवी शिवण. मामीने तोंडावर ठेवलेलं कुलूप, आणि मामीला ओळखणाऱ्याला त्याची किंमत कळेल. बसायला मात्र ती एकटीच होती, फुकट. घरी पोचल्यावर तिने कुंडी जागेवर सरकवली नाही. खिडकीजवळची ती रिकामी जागा तेवढी तिच्या नावे पडली.