पाच रात्री आमच्या वावरात

टेंभुर्णीच्या शिवारात ओढ्याकाठी आमचं वावर होतं. गावची गुरं त्याच्या कडेनं पाण्यावर जायची आणि जाता-येता तोंड घालायची. विहिरीला पाणी असूनही मी लावलेली वांगी-मिरची घरात फारशी कधी आली नाही. दरसाल बोरीच्या फांद्यांचं कुंपण घालायचो, आणि होळी आली की पोरं ते रातोरात उचलून न्यायची. होळीसाठी चोरलेल्या लाकडाबद्दल भांडायचं नसतं, असा रिवाज. मग पुन्हा गुरं मोकळी.

निजामाचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला काही वर्षं होती. माझे मालक रामकिसन कापूस घेऊन जालन्याला निघाले, तेव्हा मीही गाडीत बसले. जुन्या जालन्यात अजमतभाई म्हणून त्यांच्या ओळखीचे माळी होते. एका बंगल्याची बाग राखायचे. त्या बंगल्याभोवती बाभळीसारख्या झाडांचं कुंपण होतं, इतकं दाट की आतला गडी बाहेरून दिसत नव्हता. मी बघतच राहिले.

"विलायती बबूल है, बाई," अजमतभाई म्हणाले. "पानी नको, खत नको. पत्ता बकरी नहीं खाती. और होली में कोई हाथ लगाके दिखाए."

त्यांनी ओंजळभर पिवळ्या शेंगा माझ्या पदरात टाकल्या. "पर बीज जिद्दी है. गरम पानी डालना, रातभर भिगोना. तब फूटेगा."

बियाण्यावर गरम पाणी कोण ओततं? मला ते खरं वाटलं नाही. पहिल्या पावसात बांधाला चर खोदून मी तसंच बी टाकलं. सबंध बांधाला सात रोपं आली. पुढच्या वर्षी जालन्याहून पुन्हा शेंगा मागवल्या आणि अजमतभाईंनी सांगितलं तसं केलं, तेव्हा कुठं रांग उभी राहिली. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं, की हे झाड आपण लावलं तरच येतं.

तीन-चार वर्षांत कुंपण माणसाच्या वर गेलं. माझी वांगी टेंभुर्णीच्या बाजारात दिसायला लागली. बाया म्हणायच्या, "सगुणाबाईचा किल्ला." मला बरं वाटायचं.

आमच्याकडे पुंजाराम धनगर दर उन्हाळ्याला अजिंठ्याच्या डोंगराकडून मेंढरं घेऊन यायचा. मोकळ्या वावरात रात्रभर मेंढरं बसली की लेंडी आणि मूत मातीत मुरतं, त्याच्यासारखं खत नाही. ज्याच्या वावरात बसवली त्यानं धनगराला ज्वारी द्यायची. आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, असं करत पाऊस पडेपर्यंत कळप सगळं शिवार फिरायचा. पुंजारामची बायको साळूबाई माझ्याच वयाची. दोघींचं जमायचं.

कुंपणाला पहिल्यांदा भरपूर शेंगा धरल्या, त्या वर्षी वैशाखात रानात काडी नव्हती. साळूबाईची मेंढी व्यायलेली आणि कासेत दूध नाही. मी सहज दोन शेंगा मेंढीपुढे धरल्या. कडाकडा खाल्ल्या तिनं. मी चाखून पाहिली, तर गोड लागली.

"पाला खात न्हाईत, पण शेंगाला कशी भुलली बघ," साळूबाई म्हणाली.

मग मी रोज टोपलं भरून शेंगा द्यायला लागले. कळप कुणाच्याही वावरात बसलेला असो, माझं टोपलं संध्याकाळी तिथं जायचं. साळूबाई जाताना मला काळ्या लोकरीची घोंगडी देऊन गेली. "सगुणा, तुह्या कुंपणानं माझी मेंढरं जगली वं."

त्या पावसाळ्यात ज्वारीत कुठं कुठं बारीक पानांची रोपं दिसली. निंदणाऱ्या बायांनी इतर तणाबरोबर ती खुरप्यानं वरच्यावर कापली. वरून गेली, पण मुळं आत राहिली. त्यांना चार-चार फुटवे आले, आणि पीक निघाल्यावर उन्हाळ्यात वावरात हातभर काटेरी झुडपं उभी होती.

वखरताना गावातल्या कडूबाच्या बैलाच्या खुरात त्यातला काटा मोडला. पाय सुजला, बैल गोठ्यात आडवा झाला. पेरणी महिन्यावर आलेली. पुंजाराम तेव्हा गावातच होता, आणि माझं शेंगांचं टोपलं ह्याही साली रोज त्याच्या कळपाकडे जात होतं. बाजाराच्या दिवशी कडूबानं त्याला मारुतीच्या पारावर आणला.

गावाचे पाटील रखमाजी मधोमध बसले होते. आम्ही बाया मागं भिंतीला धरून उभ्या.

"ह्याच्या मेंढरानं काटा आणला," कडूबा म्हणाला. "जिथं जिथं ह्याचा कळप बसला, तिथं तिथं ते झाड हाये. बद्रीनाथनं गेल्या साली ह्याला वावरात बसू दिलं न्हाई. जा, बघून या त्याचं वावर. बिलकुल साफ."

"मी काय शहाणा म्हणून न्हाई," बद्रीनाथ म्हणाला, "मागची ज्वारीच द्यायची राह्यली व्हती, म्हणून तोंड लपवलं."

लोक हसले. पुंजाराम हसला नाही.

"पाटील, माझं मेंढरू काटा खात न्हाई. जे खाल्लं न्हाई ते हागंल कसं?"

"मंग माझ्या वावरात आभाळातून पडला का?"

पाटलांनी हात वर केला. "येत्या बाजारापर्यंत थांबतो. कुणाला काही सांगायचं आसंल तर सांगा. न्हाई तर पुंजाराम, तू कळप उचल, आन पुन्हा ह्या शिवारात उतरू नको."

पुंजारामला दुसरं शिवार नव्हतं. वरच्या डोंगरात उन्हाळ्यात पाणी नसायचं, आणि इकडच्या प्रत्येक गावचे धनगर ठरलेले. आमचं गाव बंद झालं तर मेंढरं विकणं एवढंच त्याच्या हाती होतं. हे पारावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

मला वाईट वाटलं, पण माझा त्यात काही हात आहे असं मनातही आलं नाही. झाड माझ्या कुंपणासारखंच होतं हे खरं, पण कुंपण जागचं हललेलं नव्हतं, म्हणून पारावर कुणी त्याचं नाव घेतलं नाही. आणि माझं बी गरम पाण्याशिवाय फुटत नाही, हे मी दोन वर्षं राबून शिकले होते. वाटलं, डोंगरातून ह्यानं दुसरंच काही आणलं असेल.

परत येताना साळूबाईला भेटायला तळावर गेले. ती लेंड्या झाडून ढीग लावत होती. मीही हात लावला. ताजी लेंडी होती, हाताला ऊन लागली. बोटात दाबली तर मधून तपकिरी बी निघालं. दुसरी फोडली, तिच्यातही. बी फुगलं होतं, पाण्यात रात्रभर भिजल्यासारखं.

साळूबाई म्हणाली, "काय झालं वं? काय बघतीस?"

"काही न्हाई," म्हणाले, आणि पदरात चार मुठी लेंड्या बांधून घरी आले.

दोन फुटकी मडकी घेतली. एकात शेंगेतून काढलेलं कोरडं बी टाकलं, दुसऱ्यात लेंड्या. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पहिल्यावर चुन्याची एक रेघ ओढली, दुसऱ्यावर दोन. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. एका रेघेच्या मडक्यात पाचव्या दिवशी एक कोंब आला, तेवढाच. दोन रेघांच्या मडक्यातले मी मोजायचे सोडून दिले.

मालकांनी मडकी बघितली. त्यांना सांगावं लागलं नाही.

"फेकून दे," ते म्हणाले.

"पुंजाराम जाईल ना."

"आन सांगितलं तर कुंपण जाईल. मंग वांगी गुरं खातील. पाच वर्षांची मेहनत हाये तुही. गावानं विचारलंय का तुला?"

"न्हाई विचारलं."

"मंग?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आठवड्यात मी दोनदा मडकी उचलून उकिरड्यापर्यंत नेली आणि दोनदा परत आणली. तिसऱ्या वेळी साळूबाईच्या घोंगडीवर नजर गेली. ती मी लग्नाच्या पेटीवर घडी करून ठेवली होती. उन्हाळ्यात घोंगडी लागत नाही, पण पावसात डोक्यावर घ्यावी लागणारच होती, आणि तेव्हा साळूबाई आठवणारच होती.

बाजाराच्या दिवशी दोन्ही मडकी टोपल्यात घेऊन पारावर गेले. मालक मागं आले. थोडे लांब उभे राहिले, पण आले.

"पाटील, काटा माझा हाये," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. बंगला, शेंगा, टोपलं, लेंडी. मडकी फिरली. कडूबानं दोन रेघांचं मडकं नाकाला लावलं आणि एक रोप उपटून पाहिलं. मुळाशी लेंडीचा तुकडा चिकटलेला होता.

"म्हंजे बाईनं काटे दिले," तो म्हणाला, "आन आम्ही ते ज्वारी देऊन घेतले."

कुणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत. "सगुणाबाई, तुम्हाला माहीत व्हतं?"

"मागच्या बाजारी न्हाई. त्याच सांजेला कळलं."

"आठ दिवस गप बसल्या मंग."

"हो."

पाटलांनी कुंपण तोडायला सांगितलं. मालकांनी मान हलवली. पुंजारामचं काय, ते ठरायचं राहिलंच होतं. तेव्हा तोच उभा राहिला. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. पण त्याचा चेहरा पडलेला होता.

"बापजाद्यापासून मेंढरं राखतो," तो म्हणाला. "त्यांच्या पोटात काय चाललंय हे मला कळू नये, आन वांगी लावणाऱ्या बाईला कळावं." मग पाटलांना म्हणाला, "खाल्लेलं पोटातून पुरतं निघायला चार-पाच दिवस लागतात. पुढच्या साली उतरलो की आधी पाच रात्री ह्यांच्याच वावरात बसवतो. रस्त्यात दुसऱ्या कुणाच्या कुंपणाच्या शेंगा खाल्ल्या आसतील तर त्या तिथं पडू द्या. मंग बाकीच्यांकडं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसव," मी म्हणाले.

कडूबानं विचारलं, "आन त्यातून जे उगवंल ते?"

"मी उपटीन. मुळासकट."

कुंपण तोडायला आठ दिवस लागले. हातापायाची चाळण झाली. पावसात बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटले. तोडले, पुन्हा फुटले. शेवटी धुमारे राहू द्यायचे आणि शेंगा धरू द्यायच्या नाहीत, एवढंच हातात राहिलं. कडूबाचा बैल उठला, पण औताला पुन्हा कधी लागला नाही.

पुढच्या चैत्रात घंटांचा आवाज आला. पुंजाराम कळप घेऊन आमच्या बांधाशी थांबला. आत शिरला नाही.

"वैनी, येऊ का?"

"या की."

पाच रात्री मेंढरं आमच्या वावरात बसली. साळूबाईनं चूल आमच्या विहिरीजवळ मांडली. पहिल्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी मीठ मागायला आली. सहाव्या सकाळी कळप कडूबाच्या वावराकडे वळला, आणि कडूबा स्वतः पुढं जाऊन बांधावरचा दगड बाजूला करत होता.

पाऊस पडल्यावर रोपं आलीच. माती ओली असताना दोन बोटांत धरून सरळ ओढलं की मूळ अख्खं येतं, सुकल्यावर तुटतं. म्हणून पाऊस उघडला की घोंगडी घेऊन मी वावरात असायचे. पहिल्या साली सहा टोपली निघाली, दुसऱ्या साली चार.

तिसऱ्या साली तण काढता काढता ओढ्यापाशी गेले. पलीकडच्या काठावर, जिथं कुणाचंच वावर नव्हतं आणि गावची गुरं पाणी प्यायची, तिथं एक झाड कमरेएवढं झालं होतं. त्याच्या खाली शेणाचा वाळलेला पो होता. माझ्या कुंपणाच्या शेंगा मेंढरांच्या आधी रस्त्यानं जाणाऱ्या गुरांनी किती खाल्ल्या असतील, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. घोंगडी डोक्यावर नीट केली, लुगडं खोचलं आणि कुदळ घेऊन पलीकडे गेले.