शून्यांच्या मागची बाजू

त्याला सगळे हलूनका म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण एक्स-रेच्या खोलीत बारा वर्षं, दिवसातून चाळीस वेळा, "श्वास रोखा, हलू नका" म्हणणाऱ्या माणसाचं नाव फार दिवस टिकत नाही. बाजारात कुणी मागून "ओ हलूनका" अशी हाक मारली की सगळी रांग क्षणभर जागच्या जागी थिजे आणि हा एकटा वळून बघे.

सेंटर लहानसंच होतं. रस्त्याकडे काचेचं दार, आत आठ खुर्च्या, त्यांच्यासमोर रिसेप्शनचं टेबल, टेबलामागे ताई, ताईच्या पाठीमागे भिंत आणि भिंतीपलीकडे एक्स-रेची खोली. डाव्या हाताला डॉक्टरांची केबिन. एवढ्यात सगळं आटोपायचं.

ताई म्हणजे हलूनकाची सख्खी मोठी बहीण. त्याला इथे चिकटवलं तिनेच. या उपकाराची आठवण ती आठवड्यातून एकदा, चहा गार झाला किंवा पंखा कुरकुरतो अशा कुठल्याही निमित्ताने करून देई. येणाऱ्या प्रत्येकाचा फॉर्म ती स्वतः भरायची. नाव, वय, काय होतंय, आणि चौथा प्रश्न : यापूर्वी एक्स-रे काढला आहे का, किती वेळा? या चौथ्या प्रश्नाला लोक फार घोळ घालत. लहानपणी झाडावरून पडलो होतो तो धरायचा का, दाताचा धरायचा का, काढला होता पण बिघडला म्हणून परत काढला तो एक की दोन. ताई सगळं ऐकून घेई आणि अंदाजाने आकडा टाकून मोकळी होई.

घाबरलेल्यांना धीर देण्याचं खातंही तिच्याकडेच होतं. त्यासाठी डॉक्टरांचं भाषण तिला तोंडपाठ होतं. एक छातीचा एक्स-रे म्हणजे आठ-दहा दिवस नुसतं जगलं तरी लागतं तेवढंच. दगडात असतं, मातीत असतं, आभाळातून येतं, विमानात बसलं तर जरा जास्त येतं. केळ्यातसुद्धा असतं. एकदा एका आजोबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीतली सहा केळी काढून टेबलावर ठेवली, छातीचा एक्स-रे काढला आणि केळी तिथेच सोडून घरी गेले. ती ताईने दोन दिवसांत संपवली. मला काय होतंय, म्हणाली.

किरणांजवळ काम करणाऱ्या तिघांना छातीवर लावायचे बॅज होते. हलूनका, डॉक्टर आणि संध्याकाळच्या पाळीची बाई. दर तीन महिन्यांनी ते बॅज तपासणीच्या प्रयोगशाळेत जात आणि कुणाला किती किरण लागले त्याचा कागद येई. या तिघांबरोबर एक चौथा बॅजही असे, तो कुणी लावायचा नसतो. किरण पोचत नाहीत अशा जागी तो नुसता टांगून ठेवायचा. दगडामातीतलं, आभाळातलं जे सगळ्यांनाच लागतं ते त्याच्यावर उमटतं आणि प्रयोगशाळा तेवढा आकडा बाकीच्यांच्या आकड्यांतून वजा करते. या बॅजचं नाव जावई. काम काही नाही, जागा मात्र घरातली सगळ्यात चांगली हवी आणि जाता-येता पाकिटातून मानाने पाठवणी. सेंटरमधली सगळ्यात चांगली, सुरक्षित जागा कुठली याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ताईच्या डोक्यावर खिळा मारून जावयाला तिथे लटकवलं होतं.

खुद्द ताईला बॅज नव्हता. ती रिसेप्शनला. तिला कशाला?

कागदावर तिघांचाही आकडा कायम शून्य यायचा. बॅज आल्यापासून चार वर्षं, सोळा कागद, सगळी शून्यं. डॉक्टरांना त्या शून्यांचा इतका अभिमान की प्रत्येक कागद फ्रेम करून त्यांनी वेटिंगच्या खुर्च्यांवर ओळीने लावला होता. पेशंट ताईसमोर उभा राहून नाव सांगे तेव्हा त्याच्या पाठीशी सोळा फ्रेमा असत, आणि ताईला दिवसभर समोर शून्यंच शून्यं दिसत. दर सोमवारी ती फडकं मारायची. या घराण्यात एवढे शून्य मार्क मिळवून कुणाचा फोटो भिंतीवर लागलेला नाही, असं ती भावाकडे बघून म्हणे.

सतरावा कागद आला तो सोमवारीच. डॉक्टरांनी उभ्या उभ्या पाहिला, शून्य, शून्य, शून्य, आणि हलूनकाच्या हातात दिला. भिंतीवर जागा उरली नव्हती. सगळ्यात जुना काढ आणि त्या फ्रेममध्ये हा घाल, म्हणाले.

हलूनका फ्रेम घेऊन एक्स-रेच्या खोलीत गेला. मागची पट्टी उचकटून त्याने जुना कागद काढला, नवा उलटा धरून आत सरकवू लागला, आणि थांबला. नव्या कागदाच्या मागे बारीक छपाई होती. अशा छपाईत सहसा अटी आणि नियम असतात, ते कुणी वाचत नाही, हलूनकाही वाचणार नव्हता. पण छपाईच्या खाली निळ्या पेनाने, हाताने, कुणीतरी एक ओळ लिहिली होती.

"या जागी कोणी माणूस बसतो का?"

मग त्याने छपाई वाचली. टांगून ठेवण्याच्या बॅजवरील नोंद अपेक्षेपेक्षा फारच जास्त आहे. बॅज ठेवण्याची जागा तपासून कळवावे.

त्याने हातातला जुना कागद उलटून पाहिला. मागे कोरं. बाहेर जाऊन त्याने दुसरी फ्रेम आणली. कोरं. तिसरी आणली. तिसऱ्याच्या मागे छपाई होती. कृपया कळवावे. चौथ्यावर : पुन्हा कृपया कळवावे. पाचव्यावर : तातडीने कळवावे. आठव्यापर्यंत प्रयोगशाळेचा आवाज चढत गेला होता आणि नवव्यापासून तीही बहुधा दमली, कारण पुढे नुसती तीच ती ओळ, तारीख तेवढी बदललेली. साडेतीन वर्षं प्रयोगशाळेतला कुणी माणूस भिंतीकडे तोंड करून ओरडत होता.

फ्रेमा का उतरवतोयस, असं ताईने बाहेरून विचारलं. काच पुसतो म्हणाला. आयुष्यात कधी पुसली नाहीस, ती म्हणाली.

हलूनका स्टुलावर बसला. शून्याचं गणित त्याला कळायला वेळ लागला नाही. जावयाचा आकडा इतका मोठा होता की तो वजा केल्यावर कुणाच्याही हातात काही उरतच नव्हतं. आता तिसऱ्या कागदाची तारीख. त्या तीन महिन्यांत इथे काय झालं होतं? ते आठवायलाही वेळ लागला नाही, कारण ते त्यानेच केलं होतं.

छातीचा एक्स-रे काढायचा स्टँड तेव्हा खोलीच्या लांबच्या भिंतीला होता. पेशंटला तिथे उभं करून बटणापाशी परत यायला पेशंट झोपवायच्या टेबलाला वळसा घालून अकरा पावलं पडत. दिवसाला चाळीस पेशंट. हलूनकाने पावलं मोजली, गुडघ्यांना विचारलं आणि डॉक्टरांना सुचवलं की स्टँड या जवळच्या भिंतीला घेऊ. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. स्टँड बसवायला आलेल्या फिटरने भिंतीवर बोटाने टकटक करून विचारलं होतं, इथे आत शिशाचा पत्रा आहे ना? हलूनका म्हणाला होता, चारही बाजूंनी आहे. डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगायचे.

आता त्याने स्वतः टकटक केली. पोकळ आवाज आला. हा आवाज विटेचा नव्हता, शिशाचा तर नव्हताच. ही भिंत मुळात नव्हतीच. रिसेप्शन केलं तेव्हा मध्ये उभी केलेली बोर्डाची आडभिंत होती ती. पलीकडून ताईने उलट टकटक केली. लहानपणापासूनची सवय. काय हवंय, असा त्याचा अर्थ.

किरण पेशंटच्या पाठीतून शिरतात, छातीतून बाहेर पडतात, स्टँडवर फोटो उमटवतात. उरलेले पुढे जातात. पुढे कोण, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तो बाहेर आला आणि मशीन बंद पडलंय म्हणून सांगितलं. खुर्च्यांवर पाच पेशंट होते. ताई चिडली. सकाळी तर चालू होतं, तुझा हात लागला की सगळं बंद पडतं, म्हणाली. त्याने पाचही जणांना स्वतः दारापर्यंत सोडलं आणि ताईला आज बाहेर जाऊन जेव म्हणाला. जेवणाच्या वेळेला अजून अर्धा तास होता. ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं, पर्स उचलली आणि बाही खाली ओढली. तिच्या दंडावर काळानिळा डाग होता. टेबलाचा कोपरा लागला, असं ती मागच्या महिन्यातही म्हणाली होती. त्याच्याही मागच्या. हलूनकाने वळून टेबल पाहिलं. त्या टेबलाचे चारही कोपरे गोल होते.

ती गेल्यावर त्याने टेबलावरचा खोका उचलला. सेंटर कॉम्प्युटरवर जाण्याआधी एक्स-रे फिल्मवर निघत, त्या काळातला न वापरलेल्या मोठ्या फिल्मांचा हा उरलेला खोका. ताईने तो टेबलाच्या कडेला, स्वतःसमोर, उभा करून ठेवला होता. ती डबा खाते ते पेशंटांना दिसू नये म्हणून. आतल्या बाजूला कॅलेंडर चिकटवलं होतं. खोका त्याच जागी साडेचार वर्षं उभा होता, आणि खोका आणि भिंत यांच्यामध्ये ताई बसत होती.

जुन्या डार्करूममध्ये आता बादल्या आणि झाडू असत. हलूनकाने त्या बाहेर काढल्या, मुदत संपलेलं द्रावण ट्रेमध्ये ओतलं, लाल दिवा लावला आणि खोक्यातली मधली एक फिल्म काढून बुडवली. फिल्म कोरी निघो, असं तो कुणाला तरी म्हणत होता. कोरी नाही तर निदान पूर्ण काळी. जुनी झाली की फिल्म आपोआप काळवंडते, त्यात कुणाचा दोष नसतो.

फिल्म काळी होऊ लागली. मग मध्येच व्हायची थांबली.

काळ्याच्या मधोमध एक फिकट आकार उरला होता. खांदे. मान. डोकं, ज्याला चेहरा नव्हता, कारण माणूस बोलताना इकडेतिकडे वळतोच. पण डोक्यामागे अंबाडा होता आणि अंबाड्यात पांढराशुभ्र चिमटा. आणि डोक्याच्या वर, थोडा उजवीकडे, एक पांढरा ठिपका. खिळा. जावयाचा.

त्याने ओली फिल्म ट्रेवर निथळत धरली. बारा वर्षांत त्याच्याकडे लाखावर पेशंट आले असतील. हलू नका म्हटल्यावर इतका न हललेला एकही नव्हता.

डॉक्टरांनी केबिनमध्ये कागदांच्या मागच्या बाजू वाचल्या. वाचताना दोनदा चष्मा पुसला. हलूनकाने भिंतीबद्दल सांगितलं, अकरा पावलांबद्दल सांगितलं, दंडावरच्या डागांबद्दल सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे बघ, एवढ्या-तेवढ्या किरणांनी लगेच काही होतं असं नाही. पुष्कळांना कधीच काही होत नाही. एखाद्याला होतं, आणि तो एखादा कोण हे आधी सांगता येत नाही. झाल्यावरसुद्धा यानेच झालं असं सांगता येत नाही. मग दगड झाले, माती झाली, आभाळ झालं. विमानापर्यंत आले आणि गप्प झाले.

"घाबरू नकोस," शेवटी ते म्हणाले. "आधी तिचा एक छातीचा एक्स-रे काढून बघू."

"काढलाय, डॉक्टर."

आणि त्याने फिल्म एक्स-रे बघायच्या लाइटवर लावली.

डॉक्टर सवयीने पुढे झुकले. मान एकीकडे कलती करून म्हणाले, जुन्या फिल्मवर काढलास वाटतं, पण पेशंट हललेला नाही. मग त्यांचं बोट अंबाड्यापाशी थांबलं आणि तिथेच राहिलं.

दार न वाजवता फक्त ताईच आत यायची. ती तशीच आली. जेवायला गेलीच नव्हती, काचेच्या दाराबाहेर उभी होती, आणि तिचा खोका पळवला म्हणून भांडायला आली होती. लाइटवरच्या फिल्मकडे तिचं लक्ष गेलं. तिचा हात आपोआप मागे, अंबाड्याकडे गेला.

"हा चिमटा माझा आहे," ती म्हणाली.

हलूनकाने तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत. स्टँड मी हलवला, ताई, एवढं तो दोनदा म्हणाला. ती ऐकत फिल्मकडेच बघत होती.

"साडेतीन वर्षं फोटो काढत होतास," ती म्हणाली, "आणि एकदाही हस म्हणाला नाहीस."

एरवी असं काही बोलून झालं की ती स्वतःच आधी हसायची. तिने बाही वर केली. डाग एक नव्हता, चार होते. दोन पिवळे पडत आलेले, दोन ताजे.

"आणि हे?" तिने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर म्हणाले की ते कशानेही असू शकतं, रक्त तपासावं लागेल, आजच, आत्ताच, मोठ्या दवाखान्यात. चिठ्ठी मी देतो, सोबत आपला फॉर्म जोडा. केळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

फॉर्म भरायचं काम ताईचं. ती बाहेर आली, टेबलाला वळसा घातला आणि सवयीने खुर्ची ओढली. हलूनका मागोमाग आला होता.

"ताई, तिथे नको."

मशीन बंद होतं, तिथे आता बसलं तरी काही लागणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ती उठून टेबलाच्या अलीकडे आली, जिथे पेशंट उभे राहतात तिथे उभी राहिली आणि वाकून लिहू लागली. तिची पाठ सोळा फ्रेमांच्या जागेकडे होती. तिथे आता नुसते खिळे होते. नाव लिहिलं. वय लिहिलं, दोन वर्षं कमी करून, मग खोडून खरं. काय होतंय याच्यापुढे तिने थोडा विचार केला आणि "डाग" एवढंच लिहिलं.

चौथ्या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं.

"किती लिहू?" तिने विचारलं.

हलूनका मनात गुणाकार करू लागला. दिवसाला चाळीस, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे आठवडे, मग साडेतीन. मध्येच त्याला सुट्ट्या आठवल्या, त्या वजा केल्या. ती आजारी होती ते चार दिवस वजा केले. हिशेब तरी संपेना. ताई पेनाचं टोक कागदावर टेकवून वाट बघत उभी होती, अजिबात न हलता.