दार काढलेलं घर

"दार काढ," मी मॅलकीला म्हणाले.

"कुठलं दार?"

"माझ्या स्वयंपाकघराचं. शेजाऱ्यांची दारं काढायला बोलावलंय का तुला?"

मॅलकी हाच माझा शेजारी. दिवसभर मेंढ्यांशी बोलतो, त्यामुळे माणसाचं बोलणं त्याच्या डोक्यात जरा उशिरा शिरतं. टोपी मागे सारून तो एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. "ट्रॅक्टा, फेब्रुवारी आहे. समुद्रावरून वारा कसा येतोय बघ. गोठशील."

"गोठले तर मी गोठेन. तू स्क्रू काढ."

माझी भाची नेसा कोपऱ्यात बुटांची पिशवी कवटाळून बसली होती. माझी बहीण गॉलवेच्या इस्पितळात नर्स आहे, म्हणून आठवडाभर पोरगी माझ्याकडेच असते. तेरा वर्षांची आहे. ही पोरगी चालायची नाही हो, नाचायचीच. बसथांब्यावर, चर्चच्या मिसेत, पावाच्या रांगेत, कुठेही उभी राहिली की खाली पाय आपले सुरू. मी ओरडायचे, "अगं, मेले, एक मिनिट तरी स्वस्थ उभी राहा!"

आणि गेल्या ईस्टरला कॅसलबारच्या नाचाच्या स्पर्धेत भर स्टेजवर ती पुढची चाल विसरली. मधेच थांबली. संगीत चालूच. समोरच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि ही पळत सुटली, ती थेट गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून पाय थांबले ते थांबलेच. रांगेत स्वस्थ उभी राहायला लागली, आणि मला ते बघवेना. ओरडायला काही उरलंच नव्हतं.

तिच्या नाचाच्या बाई मिस गेराटी. त्यांनीच हा मार्ग काढला होता. ऑनलाइन स्पर्धा. ना हॉल, ना माणसं. घरच्या घरी नाचायचं, व्हिडिओ करायचा, पाठवायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात, पाय दिसायला हवेत, मधे कुणाचा आवाज नको, आणि नंतर व्हिडिओला कसली कापाकापी नाही. संध्याकाळी सहाच्या आत.

"हे शेवटचं, मावशी," नेसाने मला बजावलं होतं. "जमलं नाही तर बूट क्लासमधल्या किआराला देऊन टाकायचे. तिच्या मापाचे होतायत."

आता कडक बुटांचा, ठोके देत करायचा नाच घरातल्या सिमेंटच्या जमिनीवर केला तर नडगीचा भुगा होतो. गावच्या हॉलचं छप्पर गळून तिथली लाकडी जमीन उखडलेली. मग मला आठवलं, माझ्या आजोबांच्या वेळी काय करायचे? दार काढायचे, जमिनीवर टाकायचे आणि त्यावर नाचायचे. माझ्या स्वयंपाकघराचं हे मागचं दार त्यांच्याच वेळचं. अखंड लाकूड, आजकालच्या पोकळ फळ्या नव्हेत.

मॅलकीने दार उतरवलं, आम्ही दोघांनी ते सतरंजीवर आडवं केलं, आणि तो कपाळ पुसत दुकानाकडे गेला. वारा सरळ चुलीपर्यंत आला.

"आता तू पण जा," नेसा म्हणाली.

"मी? घर माझं आहे!"

"मावशी, प्लीज. कुणी नको."

गेले. कोट चढवून अंगणात कोंबड्यांबरोबर उभी राहिले. आतून हॉर्नपाइप नाचाचं संगीत सुरू झालं आणि त्यावर बुटांचा आवाज. काय वाजत होतं ते दार! आजोबांची शप्पथ, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने नव्हे.

संगीत संपलं. "मावशी! झालं! एकही चूक नाही!"

मी धावत आत गेले. पोरीचे गाल लाललाल. चहाच्या किटलीला टेकवलेला फोन तिने उचलून माझ्या हातात दिला. मी बघायला लागले. हात सरळ, मान ताठ, पाय म्हणजे नुसती वीज. पण काहीतरी खटकत होतं. माझी चूल डावीकडे आहे, आईच्या वेळेपासून. व्हिडिओत ती उजवीकडे. मागच्या भिंतीवरच्या खताच्या दुकानाच्या कॅलेंडरावरची अक्षरं सगळी उलटी.

"नेसा, कुठल्या पायाने सुरुवात केलीस?"

"उजव्या. म्हणजे काय!"

"इथे डावा दिसतोय."

तिने फोन हिसकावून घेतला. समोरचा कॅमेरा लावला होता हिने, स्वतःला बघता यावं म्हणून, आणि त्याने आरशासारखं सगळं उलटं करून ठेवलं होतं. आमच्या नाचात प्रत्येक चाल आधी उजव्या पायाने, मग तीच डाव्याने. जगबुडी आली तरी हा क्रम बदलत नाही. परीक्षकाला दिसणार की पोरीला पहिला पायसुद्धा कळत नाही.

"सरळ करून घेता येत नाही का?"

"हात लावायचा नाही असा नियम आहे. बाद करतात." ती दारावरच बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "जाऊ दे. किआराला फोन कर."

"एवढ्यात हरलीस? परत नाच की!"

"परत तसं नाही येणार! तुला काय कळतंय त्यातलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चौकटीतून काठी आत आली. काठीमागून फिलोमिना. ऐंशीच्या पुढची, एके काळी या डोंगरावर टपाल वाटणारी. तिच्यामागे दुकानदारीण, सफरचंदाचा केक घेऊन. तिच्यामागे अर्धी आळी. सगळ्यांच्या शेवटी मान खाली घालून मॅलकी.

"नाच आहे ना?" फिलोमिना म्हणाली. "ट्रॅक्टाने दार काढलं म्हणे."

"मी फक्त दुकानात बोललो," मॅलकी पुटपुटला.

आमच्या डोंगराकडची ही रीतच आहे. दार काढलेल्या घरात नाच असतो, आणि तिथे आमंत्रण लागत नाही. माझ्या लहानपणानंतर कुणी दार काढलं नव्हतं, पण विसरलं मात्र कुणीच नव्हतं. एक मीच सोडून.

नेसाचा चेहरा पांढराफटक पडला. माझं डोकं फिरलं. "चला, निघा सगळे! हा काय तमाशा आहे का?"

"मी चढ चढून आलेय, ट्रॅक्टा," फिलोमिना माझ्याच खुर्चीत बसत म्हणाली. "नाच बघितल्याशिवाय हे गुडघे खाली उतरायचे नाहीत." मग तिने काठीने दारावर टकटक केलं. "याच दारावरून नाचताना पडले होते मी. तुझ्याएवढी होते. थेट फादरच्या मांडीवर."

नेसाने नाडीवरून वर बघितलं. "मग?"

"मग काय! परत चढले. वाजवणारा थांबला नव्हता ना."

"लोक हसले?"

"हसले म्हणजे? फादर सगळ्यात जास्त हसला. अजून सांगतात मेले."

नेसाने सोडलेली नाडी परत ओढली. "मावशी, मागचा कॅमेरा लाव. तू धर फोन. आणि आवाज कुणी करायचा नाही."

सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. फोन हलू नये म्हणून कोपर मी ओट्यावर टेकवलं. संगीत सुरू झालं. उजवा पाय. कॅसलबारला जिथे थांबली होती ती जागा मला पाठ होती, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी ती मनात किती वेळा ऐकली होती. ती जागा आली. पोरगी त्या चालीवरून अशी निघून गेली की जणू काही घडलंच नव्हतं. शेवटचा ठोका पडला, आणि ती वाकून नमस्कार करायच्या आत—

"वा गं, माझी वाघीण!" मॅलकी गरजला.

सगळ्यांनी मॅलकीकडे बघितलं. बिचाऱ्याने टोपी तोंडात धरली.

"मेल्या," मी म्हणाले, "तुझ्या मेंढ्यांना तुझ्यापेक्षा अक्कल आहे! आवाज नको म्हणून सांगितलं होतं ना!"

साडेपाच होत आले होते. दुकानदारीण शरमून कोट घालायला लागली. "आम्ही बाहेर थांबतो गं बाळ. तू एकटी कर शांतपणे." सगळे दाराकडे, म्हणजे दाराच्या भोकाकडे सरकले.

"कुणीही हलायचं नाही!"

नेसाचा आवाज. इतका मोठा की कोंबड्या फडफडल्या. ती दाराच्या मधोमध उभी होती, घामाघूम, कमरेवर हात, अगदी माझ्यासारखी.

"मला समोर माणसं हवीत," ती म्हणाली. "बसा खाली. मॅलकीकाका, तुम्ही तोंडात केक कोंबा."

मॅलकीने एवढा मोठा तुकडा कोंबला की नाच संपेपर्यंत त्याचे गाल फुगलेले होते. व्हिडिओत तो दिसत नाही. पण नेसा शेवटी नमस्कार करताना ओठ दाबून हसू आवरतेय ते दिसतं, कारण तिला तो दिसत होता.

फोनला रेंज फक्त अंगणाच्या दगडी गडग्यावर. मी तिथे चढून हात उंच धरून उभी राहिले, खालून सगळे विचारतायत "गेलं का? गेलं का?", आणि सहाला थोडा वेळ असताना ते गेलं. मी आनंदाच्या भरात शिवी दिली. फिलोमिनाने छातीवर क्रूस काढला.

मॅलकी दार परत बसवायला आला, तर नेसा त्यावरून उतरेना. "थांबा ना. फिलोमिना आजींचं नाचायचं राहिलंय." आणि म्हातारी खरंच उठली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नेसाचा हात. मी त्या रात्री अंगात कोट आणि पायात दोन मोजे घालून झोपले, कारण दार सकाळीच लागलं.

निकाल महिन्याने आला. पाचवी. मी परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, भर दुकानात, पावाच्या रांगेत. "पाचवी? डोळे आहेत का त्याला? त्याने स्वतः नाचून दाखवावं दारावर!" नेसा म्हणून मी तिला हाक मारली, तर तिचं लक्षच नाही. शून्यात नजर लावून रांगेत उभी. आणि खाली पाय सुरू. आधी उजवा.

मी जरा मागे सरकून तिच्या पायांना जागा करून दिली.